बारा टोल्यांची पावती

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने थंड डोक्याचं असावं, असं गिऱ्हाइकं मला येताजाता ऐकवतात. माझं डोकं तापतं ते तोंडावाटे बाहेर पडतं, हातापर्यंत पोचत नाही. त्यामुळे नगरपालिकेची तिसरी पावती हातात पडली तेव्हा मी भरपूर बोलले, पण हातातलं सामान जागच्या जागी ठेवून मग बोलले.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. मी त्यांना बाबा म्हणते. रस्त्याला लागून दहा बाय बाराची खोली, खिडकीशी कामाचा बाक, बाकावर वाकवता येणारा दिवा आणि तिन्ही भिंतींवर घड्याळं. दाराशी उभी असतात ती माणसाच्या उंचीची, लाकडी पेटीतली. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. माझा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर असतो, आणि घड्याळातलं त्याला जेवायची वेळ तेवढी कळते. म्हणून बाबांची विद्या माझ्याकडे आली. कोणी समारंभाने दिली नाही. मी चौदा वर्षं त्यांच्या शेजारी बसले आणि जे दिसेल ते उचललं. चुकलं की बाबा बोलायचे. बरोबर आलं की पुढचं घड्याळ सरकवायचे, एवढंच.

आमच्या वस्तीत दुपारी एक ते तीन शांततेची वेळ आहे. त्या दोन तासांत दुकानातून रस्त्यापर्यंत आवाज गेला की पावती. वर्षात तीन पावत्या झाल्या की दुरुस्तीची परवानगी रद्द. मग दुकानात घड्याळं विका हवी तर, पण दुरुस्तीचा बाक उचलून गावाबाहेर कारखान्यांच्या वसाहतीत न्यायचा. बाबा शहात्तर वर्षांचे. जिना उतरले की त्यांचा बाक, जिना चढले की त्यांचं अंथरूण. दोन बस बदलून ते कुठल्या वसाहतीत जाणार होते, आणि त्यांना सोडून मी तरी कशी जाणार होते?

पहिल्या दोन पावत्यांत चूक आमची होती. एकदा वसतिगृहाची बावीस गजराची घड्याळं मी तपासणीसाठी दोन वाजता लावली आणि विसरून वर जेवायला गेले. दुसऱ्यांदा बाबांनी कोकिळेचं घड्याळ सव्वादोनला चालू केलं आणि ती कोकिळा गप्पच होईना. दोन्ही वेळा मी मुकाट्याने दंड भरला. आपली चूक असली की मान खाली घालायला मला लाज वाटत नाही.

तिसऱ्या पावतीच्या दिवशी मी सकाळी आठलाच दवाखान्यात मोठी घड्याळं लावायला गेले होते. साडेतीनला परतले तर बाबा बाकाशी बसलेले, दिवा बंद, हात मांडीवर. कामाच्या वेळी बाबांचे हात रिकामे असणं म्हणजे काहीतरी बिनसलेलं असणार.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी बाकावरची पावती बोटाने माझ्याकडे ढकलली. "मोजपट्टी येऊन गेला. भरून टाक."

मोजपट्टी म्हणजे आमच्या भागाचा निरीक्षक. हे नाव सगळ्या रस्त्याने त्याला दिलंय, कारण तो सगळं मोजतो. फळीची लांबी, पायरीची उंची, दारातल्या कुंड्या. माणूस लबाड नाही, पैसे खात नाही, पण नियमाचा असा पक्का की स्वतःच्या सावलीलाही पावती देईल.

मी पावती वाचली. "वेळ दुपारी १.००. दुकानातील उभ्या घड्याळाचे मोठे टोले, एकूण बारा, रस्त्यापर्यंत स्पष्ट ऐकू आले." खाली बाबांची सही.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी मोजपट्टीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा गप्प झाले. मग खुर्ची ओढून बसले आणि तिसऱ्यांदा, शब्दावर बोट ठेवून वाचली. एक वाजता कुठलं घड्याळ बारा टोले देतं?

दाराशी एकच उभं घड्याळ त्या दिवशी चालू होतं, भिंतींवरची सगळी दुरुस्तीसाठी थांबलेली. ते मी आदल्या दिवशी साफ करून, जोडून ठेवलं होतं. काटे तेवढे बसवायचे राहिले होते, ते बशीत ठेवून मी निघाले होते. टोल्यांच्या घड्याळाला काटे बसवायची एक रीत असते. घड्याळाचं पोट आपल्या हिशेबाने टोले देतं, तासकाटा त्याच्यावर नुसता दाबून बसवलेला असतो. म्हणून आधी टोले मोजायचे आणि जितके पडतील त्या आकड्यावर काटा दाबायचा. नऊ पडले तर नऊवर. बाबांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं ते हेच. काटा एक घर पुढे बसला, तर घड्याळ बोलतं खरं आणि दाखवतं खोटं, आणि तेही दिवसभर.

मी घड्याळाकडे पाहिलं. आता ते वेळ अचूक दाखवत होतं. म्हणजे मोजपट्टी गेल्यावर कोणीतरी काटा काढून परत बसवला होता.

"बाबा, सकाळी काटे कधी बसवलेत?"

"नऊचे टोले पडले तेव्हा."

"नऊवर बसवलात?"

त्यांनी पावती उलटी करून ठेवली. त्या तबकडीवर रोमन आकडे आहेत. दहाची नुसती फुली, आणि नऊची फुली पण तिच्याआधी एक बारीक रेघ. ती रेघ ज्याला दिसत नाही त्याला दोन फुल्या दिसतात, एकीवर एक. बाबांनी वरची निवडली होती.

हे मला कळायला वेळ लागला नाही, कारण मी कित्येक महिने बघत होते. चिमटा नाकापर्यंत नेणं. स्क्रू बोटाने चाचपणं. डोळ्यांचं एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं करून उपयोग नाही असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बाबांना ते ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. आम्ही दोघंही मूग गिळून बसलो होतो.

"म्हणजे पावतीच्या वेळी खरे बारा वाजले होते," मी म्हटलं. "बाराला आवाज केला तर गुन्हा नाही. मी हरकत घेते."

"घ्यायची नाही."

"ही तिसरी आहे, बाबा."

"मला मोजता येतं." त्यांचा आवाज चढला. "मी त्याला म्हणालो, साहेब, आत्ता बारा वाजलेत. त्याने नुसतं बोट वर केलं. मी जवळ जाऊन बघितलं आणि सही केली. पन्नास वर्षं ज्याने गावाची घड्याळं लावली त्याने काटा एक घर पुढे बसवला, हे नगरपालिकेच्या कागदावर लिहून घेऊ? नवशिकं पोर करतं ही चूक. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकायला दुकान तरी राहू दे."

"जाईल तर जाईल," ते म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

मी खाली एकटी बसले आणि खरं सांगायचं तर मला रडू आलं. राग होताच. पण दुकान जाण्याची भीती होती, आणि त्याहून जास्त भीती ही की या माणसाला दुकान गेलेलं चालेल, पण आपल्याला दिसत नाही हे कोणाला कळलेलं चालणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोल लावणार?

रात्रीच्या जेवणाआधीच मी हरकतीचा अर्ज लिहून काढला. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"मी शहाणी आहे असं तू आजवर कधी म्हणालास? आणि हे कोर्ट नाही. नगरपालिकेचा दुसरा मजला आहे."

"बाबांचं काय करशील?"

"बाबांचं नाव येणार नाही," मी म्हटलं. "काटा मी बसवला असं सांगेन."

तो म्हणाला, "तुझ्यासमोर कोण टिकणार आहे," आणि फोन ठेवला. माझा बेत मला पक्का वाटत होता. चूक माझ्या नावावर गेली तर काय बिघडणार होतं? माझं नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी टेबलावरचं एक टोल्यांचं घड्याळ फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं. खाली आले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

"मी येतो. बोलणार नाही," ते म्हणाले.

"बोलायचंच नाहीये तुम्हाला. माझं मी बघते."

नगरपालिकेच्या त्या खोलीत लोखंडी खुर्च्यांच्या चार रांगा होत्या आणि समोर लांब टेबल. टेबलामागे सुनावणी अधिकारी बाई, पन्नाशीच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. शेजारी कारकून. बाई कामाला झपाट्याच्या होत्या. आमच्या आधी एका माणसाने कुत्र्याच्या पट्ट्यावरून हरकत घेतली होती आणि कुत्र्यालाच साक्षीला आणलं होतं. बाईंनी दोघांनाही तीन मिनिटांत बाहेर काढलं. मला त्या आवडल्या.

आमचा नंबर आला. मोजपट्टी आधीच टेबलाशी उभा होता, पावतीपुस्तक छातीशी धरून. बाबा मागच्या रांगेत बसले. मी पुढे झाले.

"मॅडम, पावतीत वेळ एक लिहिली आहे आणि टोले बारा लिहिले आहेत," मी म्हटलं. "दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही."

बाईंनी चष्मा लावून पावती वाचली, मग चष्म्यावरून मोजपट्टीकडे पाहिलं. "तुम्ही टोले मोजलेत?"

"एकूण एक," तो म्हणाला. "बाराच होते."

"आणि वेळ?"

"समोरच घड्याळ होतं. दुकानात पन्नास घड्याळं, मॅडम. तिथे उभं राहून खिशातला फोन कशाला काढायचा?"

"पन्नासांपैकी चालू किती होती?" मी मध्येच विचारलं. "चालू एकच होतं, ते मोजलंत का?"

"तुम्ही माझ्याशी बोला," बाई म्हणाल्या. "टोले बरोबर आणि काटा चूक, असं होऊ शकतं?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. फडकं सोडून घड्याळ टेबलावर ठेवलं. तासकाटा चिमटीने उपटला, तीनच्या जागी चारवर दाबला आणि मिनिटकाटा हळूहळू बारावर आणला. घड्याळाने तीन टोले दिले. तबकडीवर चार वाजले होते. कारकून लिहायचं थांबून बघत राहिला. मागच्या खुर्च्यांवरचे दोघं उठून पुढे आले.

"छान," बाई म्हणाल्या. "पण यातून उलटंही निघतं. काटा बरोबर असेल आणि टोले चुकले असतील. बाहेर खरोखर एकच वाजला असेल. दोहोंतलं काय खरं, हे मला कसं कळणार?"

बाई हुशार होत्या. इथपर्यंत मी घोकून आले होते.

"काटे बसवणाऱ्याला माहीत असतं, मॅडम. त्या सकाळी नऊचे टोले पडले आणि काटा चुकून दहावर बसला. हात माझा. चूक माझी."

"तुम्ही तेव्हा दुकानात होता?"

"हो."

"मॅडम, ही तिथे नव्हती," मोजपट्टी म्हणाला. "आजोबा एकटेच होते."

"तुम्ही बाराला आलात. मी नऊचं बोलतेय," मी म्हटलं. खोटं मी सहसा बोलत नाही, पण बोलायचं ठरवलं की अडखळत नाही. आठ ते साडेतीन मी दवाखान्यात शिडीवर होते आणि ते सांगायला दवाखान्याचा सगळा कर्मचारीवर्ग हजर झाला असता. तरी माझी मान ताठ होती.

बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "किती वर्षं करता हे काम?"

"चौदा."

"आणि चौदा वर्षांनी काटा चुकतो?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर मागून आलं.

"नाही चुकत," बाबा म्हणाले. ते उभे राहिले होते, पुढच्या खुर्चीची पाठ धरून. "खोटं बोलतेय ती. चौदा वर्षांत हिच्या हातून एक काटा चुकीचा बसलेला नाही. माझ्याही बसायचे, सुरुवातीला. हिचा कधीच नाही. हिच्या हाताखालून गेलेलं घड्याळ मी उघडूनसुद्धा बघत नाही."

मी वळून त्यांच्याकडे बघत राहिले. हे शब्द त्यांच्याजवळ होते, इतकी वर्षं होते, आणि मला पत्ता नव्हता.

"काटा मी बसवला," बाबा टेबलाकडे येत म्हणाले. ते खुर्च्या चाचपत आले, सगळ्यांसमोर. घरात ते असं कधी करत नाहीत. "नऊचे टोले मी मोजले. कान अजून शाबूत आहेत. पण नऊ आणि दहा मला वेगळे दिसत नाहीत. तुमचा चेहराही मला दिसत नाहीये, बाई. चष्मा आहे एवढं कळतं, कारण साखळी चमकते. त्या दिवशी बारा वाजले होते. मी या साहेबांना तसं म्हणालो, मग काटा पाहिला आणि लाजेने सही केली. हिने मला वाचवायला हे सगळं रचलं. तिच्यावर राग धरू नका."

मोजपट्टीने घसा खाकरला.

"मॅडम, एक सांगू का?" तो म्हणाला. "त्या दिवशी पावती देऊन मी जेवायला आलो तर आपलं कॅन्टीन बंद. मी म्हटलं, आज उशीर केला यांनी. अर्धा तास दारात उभा होतो."

"कॅन्टीन साडेबाराला उघडतं," कारकून म्हणाला.

"हो. तक्रार अर्जपण दिला मी त्यांच्याविरुद्ध."

मागून कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत, पण पावतीवर आडवी रेघ मारताना त्यांचा ओठ हलला. "म्हणजे बाहेर बाराच वाजले होते," त्या म्हणाल्या. "पावती रद्द. तो कॅन्टीनचा अर्जही मागे घ्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही. पुढच्या वेळी या टेबलासमोर खोटं बोललात तर मी स्वतः पावती फाडेन."

"फाडा," मी म्हटलं. "तेव्हा मी हरकत घेणार नाही."

कारकुनाने आदेश लिहायला घेतला आणि विचारलं, "कारण काय लिहू? काटा चुकीचा बसला, एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच पुरे."

"नाही," बाबा म्हणाले. "दुकानमालकाला दिसत नसल्यामुळे काटा चुकीचा बसला, असं लिहा. पुरं लिहा."

कारकुनाने बाईंकडे पाहिलं, बाईंनी मान हलवली, आणि त्याने लिहिलं. सहीसाठी मी बाबांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. त्यांनी हात ओढून घेतला नाही. मला हुंदका आला तो मी आवरला नाही, आणि तिथल्या कोणालाही त्याचं नवल वाटलं नाही.

जिना उतरताना मी त्यांचा दंड धरला. तोही त्यांनी सोडवला नाही. पायऱ्या मोजत उतरत होते, मनात, ओठ हलत होते.

"अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो?" खाली आल्यावर त्यांनी विचारलं.

"कसला अर्ज?"

"परवानगीवर नाव बदलायचा. ज्याला दिसत नाही त्याच्या नावावर दुरुस्तीचं दुकान ठेवायचं म्हणजे पुढची पावती आपणच मागून घ्यायची."

"बाबा, घाई नाहीये."

"तुला नसेल. मला उद्यापासून बाकाच्या उजव्या बाजूला बसायचंय. खिडकीकडची जागा तू घे, तिथे उजेड आहे. काटे तू बसवायचेस. टोले मी मोजीन, त्याला डोळे लागत नाहीत."

मी त्यांना भिंतीकडेच्या बाकावर बसवलं, खिडकी नंबर चारसमोरच्या रांगेत उभी राहिले आणि माझ्या नावाचा अर्ज मागितला.